टेक्सासच्या आठव्या घोडदळाचा माग काढताना: आधी अहवाल की आधी मस्टर?

अमेरिकन यादवी युद्धातल्या एखाद्या कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या, घोडदळ रेजिमेंटचा इतिहास शोधायला बसलात, की पहिला प्रश्न येतो तो सुरुवात कुठून करायची हा. आठवी टेक्सास कॅव्हलरी, म्हणजेच ‘टेरीज टेक्सास रेंजर्स’, घेऊन बघू. १८६१ च्या सप्टेंबरात ह्यूस्टनला ही रेजिमेंट उभी राहिली आणि १७ डिसेंबरला केंटकीतल्या वुडसनव्हिलच्या लढाईत तिचा कर्नल बेंजामिन टेरी मारला गेला.

रेजिमेंट कधी कुठे लढली एवढंच हवं असेल, तर अमेरिकन सरकारनं १८८० ते १९०१ या काळात छापलेले युद्धाचे अधिकृत अहवाल आधी उघडा. १२८ पुस्तकं आहेत, सगळी इंटरनेटवर फुकट. शायलो, मर्फ्रीसबरो, चिकामॉगा, बेंटनव्हिल असा लढायांचा क्रम तिथे लागतो. शोधताना मात्र नुसता ‘आठवी टेक्सास’ टाकून भागत नाही. त्या काळी रेजिमेंट कर्नलच्या नावानं ओळखली जाई, त्यामुळे टेरी आणि नंतरचा कर्नल व्हार्टन ही नावंही टाका. या अहवालांची उणीव म्हणजे ते वरिष्ठांनी लिहिलेले आहेत. साधा स्वार त्यात क्वचितच सापडतो.

तो सापडतो अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजच्या (राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या) सेवा-नोंदींत, म्हणजे सैनिकवार कार्डांत. टेक्साससाठी मायक्रोफिल्म क्रमांक एम-३२३. मूळ मस्टर, पगारपट, इस्पितळांची आणि युद्धकैद्यांची रजिस्टरं यांतून कारकुनांनी युद्धानंतर कित्येक वर्षांनी ही कार्डं उतरवून काढली. कार्डावर नाव, कंपनी, मस्टर कोणत्या महिन्यांचं आणि हजर की गैरहजर.

घोडदळाच्या बाबतीत नवखा माणूस इथेच फसतो. कॉन्फेडरेट स्वार आपल्याकडच्या शिलेदारासारखा स्वतःचा घोडा घेऊन येई. कॉन्फेडरेट सरकार घोड्याचे दिवसाला ४० सेंट देई आणि घोडा लढाईत मेला तरच ठरलेली किंमत भरून देई. आजारानं किंवा थकून गेला तर नुकसान स्वाराचं, आणि दुसरा घोडा आणायला त्याला रजेवर सोडावं लागे. म्हणून ‘गैरहजर’ दिसताच त्याला पळपुटा ठरवू नका, शेरा पूर्ण वाचा. मधल्या महिन्यांचं कार्डच नसेल, तर बहुधा ते मस्टरच टिकलेलं नाही.

पेन्शनचे कागद मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन. कॉन्फेडरेट सैनिकांना केंद्राकडून पेन्शन नव्हती. टेक्सासनं ती १८९९ मध्ये सुरू केली, अर्ज ऑस्टिनच्या राज्य ग्रंथालयात आहेत. म्हातारपणी सांगितलेल्या तारखा सैल असतात, पण साक्षीदार म्हणून जुन्या सोबत्यांची नावं मिळतात. आठवणींची पुस्तकं सगळ्यात शेवटी वाचा, आणि सावधपणे. टेक्सासनं फुटून निघताना १८६१ च्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचं कारण उघड लिहिलं होतं. पुढच्या कित्येक आठवणींतून ते पुसून टाकलेलं आहे, आणि छावणीत राबणाऱ्या गुलामांची नावं तर मस्टरवरही बहुधा नाहीत. हे मला फार लागतं.

घराण्यातलं नाव हाती असेल तर थेट कार्डांकडे जा आणि आडनावाची प्रत्येक स्पेलिंग तपासा. फक्त रेजिमेंट माहीत असेल तर आधी अहवाल. त्यानंतर लगेच एम-८६१ बघा, ही फिल्म बरेचजण विसरतात. मस्टरवर लिहिलेल्या तुकडीच्या हालचाली तिथे कंपनीवार उतरवल्या आहेत. सैनिकांच्या कार्डांची पाकिटं मात्र कंपनीप्रमाणे नाहीत, आडनावाच्या क्रमानं लावलेली आहेत, म्हणून एका कंपनीचे दहा-बारा स्वार वेचायलाही भरपूर वेळ हाताशी ठेवा.