बोअरचं जड पाणी: उकळावं की धुण्याचा सोडा टाकावा?

मराठवाड्यातल्या काळ्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी साबणाला फेस येत नाही. कारण त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण; ते बायकार्बोनेट, सल्फेट किंवा क्लोराइड या क्षारांतून येतात. अशा पाण्यालाच जड पाणी म्हणतात.

उकळल्याने फक्त बायकार्बोनेट फुटतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर भांड्याला धरतो. सल्फेट आणि क्लोराइड मात्र जागचे हलत नाहीत, म्हणून काही बोअरचं पाणी कितीही उकळा, जडच राहतं. शिवाय गॅस जळतो तो वेगळाच.

धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, उकळून जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या, दोन्ही प्रकारांतलं कॅल्शियम खाली बसवतो. हिशेब रेणूभाराचा: 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतक्या जडपणाला 106 ग्रॅम कोरडा (पाण्याचे रेणू नसलेला) सोडा. जडपणा लिटरला 500 मिलिग्रॅम असेल, तर 20 लिटरच्या बादलीला 10.6 ग्रॅम. चूक होते ती इथेच. खड्यांच्या सोड्यात प्रत्येक सोडियम कार्बोनेटमागे पाण्याचे 10 रेणू असतात, भार होतो 286; त्यामुळे खडे 28.6 ग्रॅम घ्यावे लागतात. खाण्याचा सोडा इथे कामाचा नाही. रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी अलगद ओता. मॅग्नेशियम थोडं उरतंच.

कपड्यांना सोडाच बरा. प्यायला हे पाणी नको, सोडियम वाढलेलं असतं.