सिक्लिडच्या टाकीसाठी फिल्टरची रेती: घ्यावी का?

सिक्लिड कुळातला जिओफेगस मासा तोंडभर रेती उचलतो, चघळतो, खाण्याजोगं तेवढं गिळतो आणि बाकीची कल्ल्यांतून धुरासारखी सोडून देतो. दिवसभर हेच चालतं. म्हणून सिक्लिडसाठी रेती घेताना रंगाआधी दाण्याची धार बघा. ओली रेती तळहातावर घेऊन अंगठ्यानं जोरात चोळा. टोचली, तर ती माशाच्या कल्ल्यांनाही टोचणार. क्रशरची चुरी या एकाच परीक्षेत बाद होते. बांधकामावर फुकट मिळाली तरी आणू नका.

आमची पहिली पसंती पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात त्या सिलिका रेतीला, दाणा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. ती माशांच्या दुकानात शोधू नका. गावोगावच्या आरओ प्लांटला सामान पुरवणाऱ्यांकडे विचारा, किंवा वरूड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रापट्ट्यात ठिबकचं साहित्य विकणाऱ्यांकडे. मात्र पोतं उघडून चोळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण काही पोत्यांत फोडलेल्या गारेचा धारदार माल असतो. शेतातल्या फिल्टरमधून काढलेली जुनी रेती तर नकोच. तिच्यातून काय-काय गेलं, ते कळायला मार्ग नाही.

किती लागेल? ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद टाकीत ४ सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे १६ लिटर, वजनात साधारण २५ किलो. चार-पाच पाण्यांत ती स्वच्छ होते. उणीव एकच, पण खरी: रंग फिका. उजेड खालून परत फिरतो, मासे दबकतात आणि त्यांचा रंग उतरतो. वर कन्हान किंवा वैनगंगेची तपकिरी रेती मिसळली की हे बरंच कमी होतं.

नदीची रेती स्वस्त आणि दिसायला सगळ्यांत छान, पण मेहनत मागते. आधी गव्हाच्या चाळणीनं खडे काढा, मग मैद्याच्या चाळणीनं भुकटी झाडा. एका वेळी पाच किलोच बादलीत घ्या, हातानं ढवळा, गढूळ पाणी लगेच ओता. दहा-बारा पाणी तरी लागतील. नंतर लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेतीतून फिरवा. काळ्या मातीच्या मुलखातल्या नाल्यांच्या रेतीत लोखंडी काळे कण बरेच असतात. ते पंपाच्या चुंबकी पंख्याला चिकटून बसतात आणि त्याला घासत राहतात. याच नाल्यांच्या रेतीत चुनखडीचे पांढरे खडेही सापडतात. मूठभर रेतीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर चुना आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना तो चालतो, जिओफेगसच्या टाकीत ती रेती नको.

मलावीच्या माशांसाठी महागडी कोरल रेती, म्हणजे प्रवाळाचा चुनायुक्त चुरा, घ्यावी का? बोअरचं पाणी वापरत असाल तर आधी घरातलं पाणी तापवायचं भांडं बघा. आत पांढरा थर बसत असेल, तर पाणी मुळातच जड आहे. मलावी सरोवराचा पीएच (पाणी आम्ल की अल्क, याचं माप) साधारण ७.७ ते ८.६ असतो. कोरल रेती पीएच उतरायला लागला की विरघळते, आधीच जड असलेल्या पाण्यात तिला फारसं काम उरत नाही. ते पैसे चांगल्या फिल्टरला लावा.

मोठे दगड आधी थेट तळावर मांडा, मग रेती ओता. रेतीवर ठेवलेल्या दगडाखाली मासे उकरतात, दगड घसरतो आणि काच जाते. पाणी भरताना रेतीवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा, पंप तोवर बंद ठेवा. थर पाच सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. मे महिन्यात इथलं पाणी तापतं, त्यात प्राणवायू कमी राहतो, लोडशेडिंगमध्ये पंपही थांबतो, आणि जाड थरात खाली काळे डाग पडून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दर आठवड्याला सायफनची नळी रेतीच्या दोन सेंटिमीटर वर धरून गोल फिरवा. घाण उठून नळीत जाते, रेती तिथंच राहते. फिल्टरचं तोंड तळापासून वीतभर वर ठेवा, कारण उकरताना उडालेली रेती आत गेली की पंपाचा पंखा लवकर झिजतो.