‘तपासलेल्या तलंगा’ सांगून आजारी, म्हाताऱ्या कोंबड्या गळ्यात मारल्या

हिवाळा तोंडावर आला की घरगुती कोंबड्यांची खरेदी-विक्री एकदम वाढते. कोंबड्यांची प्रदर्शनं उरकत आलेली असतात, पैदास करणाऱ्यांना जास्तीचे पक्षी थंडीभर पोसायचे नसतात आणि घेणाऱ्याला वाटतं, आत्ता तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या तर लवकरच अंडी सुरू होतील. फसवणाऱ्याला याहून सोयीचा काळ नाही. या दिवसांत जुनी कोंबडी अंडी बंद करते, पिसं गाळते, मधूनच एखादी शिंकते. आणि या तिन्हींवर ‘हवा बदललीय’ हे एकच उत्तर खपून जातं. आम्हाला तेच उत्तर मिळालं. म्हणून जे घडलं ते तपशिलानं लिहितो आहे.

विकणारा या क्षेत्रातला जुना माणूस. प्रदर्शनात त्याच्या कोंबड्याला बक्षीस मिळालेलं, पिंजऱ्यावर फीत लावलेली, आणि बाजूलाच विक्रीच्या पिंजऱ्यांची रांग. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. परीक्षक तुरा, पिसांचा रंग, अंगाची ठेवण, पाय बघतो. पक्ष्याच्या रक्तात काय आहे ते तो बघत नाही, आणि शेजारच्या विक्रीच्या पिंजऱ्यांशी त्या बक्षिसाचा काही संबंध नसतो. पण फितीचा वजनदारपणा त्या रांगेपर्यंत आपोआप पोचतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

‘18 ते 20 आठवड्यांच्या तलंगा आहेत, थोड्याच दिवसांत अंड्यावर येतील,’ असं त्यानं सांगितलं. प्लास्टिकच्या पाकिटातला प्रयोगशाळेचा कागद दाखवला. पांढरी हगवण (पुलोरम हा जिवाणूंचा आजार) निगेटिव्ह, मायकोप्लाझ्मा (श्वासाचा जुनाट आजार करणारा जंतू) निगेटिव्ह. कागद खरा होता, शिक्काही खरा होता. पक्ष्यांच्या पायांत प्लास्टिकच्या रंगीत रिंगा होत्या आणि त्यांवरचे क्रमांक कागदावरच्या क्रमांकांशी तंतोतंत जुळत होते.

नवे पक्षी आमच्याकडे नेहमीच जुन्यांपासून लांब, वेगळ्या खुराड्यात राहतात. भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आधी जुन्यांचं काम आणि मग नव्यांचं. हे किमान 30 दिवस पाळायचं. या शिस्तीमुळेच आमचा जुना कळप वाचला. पहिले काही दिवस नव्या कोंबड्या ठणठणीत होत्या. मग एकीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक बुडबुड्यांचा फेस दिसला. रात्री सगळं शांत झाल्यावर खुराड्याजवळ उभं राहिलं की आतून घरघर ऐकू यायची. फोन केला तर तो म्हणाला, ‘अहो, थंडी पडायला लागलीय, होतंच असं. तेच औषध पुन्हा चार दिवस पाण्यातून द्या.’

‘पुन्हा’ म्हणाला तो. आम्ही तर काहीच औषध दिलं नव्हतं. म्हणजे विकण्याआधी त्यानं पाण्यातून प्रतिजैविक पाजून लक्षणं दाबली होती, आणि औषधाचा असर उतरेपर्यंत पक्षी आमच्या दारात येऊन पडले होते.

पशुवैद्यांना बोलावलं. पांढऱ्या हगवणीची चाचणी जागेवरच होते. पंखाखालची शीर टोचून रक्ताचा थेंब घेतात, पांढऱ्या तबकडीवर जांभळ्या अँटिजेनच्या (मारलेल्या रोगजंतूंपासून केलेल्या चाचणीच्या द्रावाच्या) थेंबात तो मिसळतात आणि तबकडी हळूहळू फिरवत राहतात. 2 मिनिटांच्या आत गुठळ्या धरल्या तर पक्षी संशयित, मग पुढची खात्री प्रयोगशाळेत. आमच्या पक्ष्यांत तो थेंब शेवटपर्यंत एकसारखा राहिला. मायकोप्लाझ्माच्या बाबतीत मात्र निभावलं नाही. घशातले नमुने पीसीआरला, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, पाठवले आणि उत्तर पॉझिटिव्ह आलं.

मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम हा जंतू एकदा कळपात शिरला की औषधानं लक्षणं कमी होतात, पण पक्षी पुढेही जंतू बाळगतो. थंडी, प्रवास, पिसं गाळणं असा कुठलाही ताण आला की आजार पुन्हा डोकं काढतो. तो अंड्यातून पिल्लात उतरतो. त्यामुळे अशी एक कोंबडी पैदाशीला ठेवली तर पुढची पिढीही हातची जाते. शिवाय हिवाळ्यात लोक खुराडं घट्ट बंद करतात, आत ओल आणि अमोनिया साठतो, श्वासनलिका आधीच चुरचुरलेली असते, आणि आजाराला मोकळं रान मिळतं. वारा थेट पक्ष्यांच्या अंगावर येऊ नये, पण वरच्या बाजूनं हवा खेळती हवीच.

दुसरी फसवणूक एक कोंबडी मेल्यावर उघड झाली. शवविच्छेदनात हवेच्या पिशव्या गढुळलेल्या आणि आत पिवळट चिकट साका साचलेला. ते अपेक्षितच होतं. पण डॉक्टरांनी गुदद्वाराच्या वरच्या अंगाला बोट लावून दाखवलं. कोवळ्या पक्ष्यात तिथे फॅब्रिशियसची पिशवी असते आणि पक्षी वयात आला की ती आक्रसून जाते. आमच्या ‘तलंगे’त तिचा मागमूस नव्हता, आणि अंडनलिका आधी भरपूर अंडी देऊन गेलेली. मग उरलेल्यांचे पाय कोमट पाण्यानं धुतले. तेलाची चकाकी गेली आणि खवल्यांचा खडबडीतपणा वर आला. दोघींच्या पायांवर कानशीनं घासून सपाट केलेल्या आरांच्या, म्हणजे जून पक्ष्याच्या पायामागे वाढणाऱ्या टोकदार काट्यांच्या, गोल खुणा निघाल्या.

पिवळ्या पायांनी पुष्कळ जण फसतात, म्हणून हेही सांगतो. पिवळ्या कातडीच्या जातींत अंडी देताना पाय आणि चोच फिकी पडत जाते, आणि अंडी थांबली की पिवळा रंग परत भरतो. म्हणजे पिसं गाळून उठलेली जुनी कोंबडी या दिवसांत नव्या पिसांत, पिवळ्याधमक पायांनी तलंगेसारखीच दिसते. दिवस 12 तासांच्या खाली आले की तिची अंडी तशीही बहुधा बंद असतात. त्यामुळे अंडं का नाही, हा प्रश्न दिवस मोठे होईपर्यंत कुणी विचारतच नाही, आणि तोवर विकणारा हात झटकून मोकळा होतो.

आता तो कागद. प्लास्टिकची चिरलेली रिंग नखानं उघडते. निगेटिव्ह आलेल्या पक्ष्यांच्या रिंगा काढून या पक्ष्यांच्या पायांत घातल्या होत्या. हे कळल्यावर आम्ही त्याच्याकडे पैसे मागितले, तेव्हा ‘पावतीवर कुठे लिहिलंय की हेच पक्षी?’ असं उत्तर आलं. पावतीवर फक्त ‘कोंबड्या’ एवढंच लिहिलेलं होतं. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ‘हा तुमचा आपसातला व्यवहार’ म्हणून विषय संपवला. मला याचा मनापासून राग आहे, कारण रिंग बदलणं हा विसरभोळेपणा नव्हे. त्यासाठी बसून एकेक पाय हातात घ्यावा लागतो.

तेव्हा घेताना अखंड धातूची, वर्ष कोरलेली रिंग असलेला पक्षी मिळाला तर उत्तम. ती पिल्लू लहान असतानाच पायात सरकवतात, मोठ्या पक्ष्याच्या पंजावरून ती जात नाही. साधी रिंग असेल तर आपल्यासमोर रक्त काढू द्याल का, एवढंच विचारा. प्रामाणिक माणूस खुशाल हो म्हणतो. नमुना घेतल्याची तारीख बघा, कारण त्यानंतर तो पक्षी आणखी प्रदर्शनं फिरला असेल तर कागद शिळा झाला. पावतीवर वय, रिंग क्रमांक, दिलेल्या लसी आणि औषधं लिहून घ्या. नुकतं प्रतिजैविक दिलेलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही कळायला हवं. आणि बर्ड फ्लूमुळे पक्षी हलवायला बंदी असताना कुणी आडमार्गानं विकत असेल तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. हिवाळ्यात स्थलांतरित बदकांबरोबर तो विषाणू फिरतो. अचानक पटापट मर सुरू झाली तर मेलेला पक्षी स्वतः कापू नका, पशुवैद्यकीय कार्यालयाला कळवा.

तुम्हीही या हंगामात प्रदर्शनाच्या आवारातून ‘तपासलेल्या’ तलंगा घेतल्या असतील आणि त्यांच्या पायांत उघडणाऱ्या रिंगा असतील, तर त्यांची अंडी उबवायला देऊ नका, त्या पुढे विकूही नका. आधी घशाचे नमुने पाठवा, आणि अहवालावर आपल्याच पक्ष्यांचे क्रमांक आहेत ना ते स्वतः जुळवून बघा.