बेण्याच्या बटाट्याचं नत्र तपासायचं कशानं: स्पॅड मीटर की देठाची चाचणी?

खाण्याच्या बटाट्यात सगळी चिंता नत्र कमी पडण्याची. बेण्याच्या प्लॉटात मात्र ते जास्त झालेलं अधिक नडतं. पाला माजतो, कंद उशिरा धरतात, आणि पाला मारायची (काढणीआधी झाडाचा वरचा भाग मुद्दाम वाळवायची) तारीख आली तरी झाड हिरवंगार, साल कच्ची. गर्द पानांवर मोझॅक या विषाणूजन्य रोगाची फिकी नक्षी लपते, म्हणून रोगट झाडं उपटताना काही नजरेतून सुटतात. वयाबरोबर झाडात विषाणूला तोंड द्यायची जी ताकद येते, तीही लांबते. त्यामुळे साधन घेताना आधी एवढंच पाहा: नत्र जास्त झालं तर ते याला कळतं का?

स्पॅड मीटर वापरायला सोपं. चिमट्यासारखं पानाला लावलं की आकडा हजर. पानातून ६५० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश किती पार जातो, त्यावरून ते हिरवेपणा मोजतं. एकदा विकत घेतलं की पुढे फारसा खर्च नाही. पण हिरवेपणा एका हद्दीपुढे वाढत नाही. त्यावरचं नत्र झाड नायट्रेट म्हणून साठवतं आणि आकडा जागचा हलत नाही. मीटरला भूक कळते, अजीर्ण नाही! शिवाय जात बदलली, मॅग्नेशियम कमी पडलं किंवा पाण्याचा ताण बसला, तरी आकडा बदलतो. म्हणून शेतात भरपूर नत्र दिलेला एक पट्टा राखून त्याच्याशी तुलना करतात. त्याच्या ९५ टक्क्यांखाली गेलं की नत्र कमी असं धरतात. बेण्याच्या प्लॉटात मी तो पट्टा लहानच ठेवीन आणि त्यातले कंद बेण्यात घेणार नाही.

देठात नायट्रेटचा साठाच मोजला जातो, म्हणून जास्तीचं नत्र इथे लपत नाही. शेंड्याकडून चौथं, पूर्ण उमललेलं पान घ्यायचं. असे चाळीस-पन्नास देठ, दर वेळी सकाळी ठरावीक वेळेला. पर्णिका (देठावरची छोटी पानं) जागेवरच ओरबाडून टाकायच्या आणि देठ थंड ठेवायचे. प्रयोगशाळेचा अहवाल यायला दिवस लागतात. लसूण दाबायच्या चिमट्यानं रस काढून हातातल्या नायट्रेट मीटरवर टाकला तर काही मिनिटांत काम होतं; फक्त आधी प्रमाण द्रावणानं (ज्यातलं नायट्रेट किती ते माहीत आहे अशा) मीटर जुळवून घ्या.

मोठा घोळ होतो तो एककात. एक तक्ता 'नायट्रेट' सांगतो, दुसरा 'नायट्रेट-नत्र' (म्हणजे नायट्रेटमधलं फक्त नत्र), आणि दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. वाळवलेल्या देठाचा आकडा रसाच्या तक्त्यात शोधणं तर त्याहून वाईट. एकट्या आकड्यावरही जाऊ नका. हंगाम पुढे सरकतो तसं देठातलं नायट्रेट उतरायला हवं. दर आठवड्याला पाहूनही उतरत नसेल, तर नत्र जास्त आहे.

एक गोष्ट दोन्हींना लागू. बटाट्याचा एक्स विषाणू स्पर्शानं पसरतो. देठ खुडणारा हात आणि मीटरचा चिमटा प्लॉट बदलताना स्वच्छ करा, आणि संशयित झाडांना शेवटी हात लावा. ड्रोनच्या फोटोला ही भीती नाही, पण फिका पट्टा नत्रामुळे की आणखी कशामुळे, हे तो सांगत नाही.

एकच घ्यायचं तर मी रसाचा मीटर घेईन. शेत मोठं असेल तर स्पॅडनं वेगळे वाटणारे तुकडे शोधा आणि देठ तिथले खुडा. पाला मारायला दोन-तीन आठवडेच उरले असतील, तर खत वाढवायचं की नाही हे ठरवायला चाचणी करत बसू नका. तेव्हा नत्र कमी निघालं तरी युरिया टाकायचा नसतोच.