मिठाची पातळ फिल्म: तांब्याचा १११ फेस की ३११?
तांब्याच्या १११ फेसवर (फेस म्हणजे स्फटिक ठराविक दिशेने कापल्यावर मिळणारा पृष्ठभाग, आकडे ती दिशा सांगतात) मीठ वाढवलं तर खाली अणू षटकोनी मांडणीत आणि वर मिठाची जाळी चौकोनी, म्हणजे दोघांचं नीट जुळतच नाही, तरी थेट दोन थरांची सपाट बेटं तयार होतात कारण मिठाच्या आयनांना, म्हणजे पॉझिटिव्ह सोडियम आणि निगेटिव्ह क्लोराइडला, एकमेकांचीच ओढ जास्त. ३११ चं प्रकरणच वेगळं, तिथे अणूंच्या पायऱ्यांसारख्या ओळी असतात, ओळीच्या कडेला इलेक्ट्रॉन थोडे कमी म्हणून किंचित पॉझिटिव्ह चार्ज, क्लोराइड बरोब्बर तिथेच बसतो आणि पकड घट्ट होते, मला तर हे फार सुंदर वाटतं! एसटीएममध्ये (बारीक टोकाने विद्युतप्रवाह मोजून अणू दाखवणारा मायक्रोस्कोप) उंचवटे दिसतात ते क्लोराइडचे. पण मिठाच्या फिल्मवर ठेवून रेणू बघायचे असतील तर मी १११ च घेईन, २००९ मध्ये एएफएमने (टोकावर जाणवणारं बल मोजणारा मायक्रोस्कोप) पेंटासीनचा, म्हणजे पाच जोडलेल्या कार्बन-कड्यांच्या रेणूचा, सांगाडा दिसला तेव्हा असाच दुहेरी थर वापरला होता.