लॉन उपटायच्या आधी एकदा तपासून घ्या: विजापूर रोडच्या माळीमामांचा अनुभव

बंगल्यापुढचं लॉन पिवळं पडलं की सोलापुरात बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: सगळं उपटा, तांबडी माती टाका, गवताची नवीन शीट अंथरा. आम्हालाही एका लॉनवाल्याने तोच दिला. आठशे चौरस फुटांचे पस्तीस हजार, मेक्सिकन गवत, दोन दिवसांत काम पूर्ण. हे सगळं त्याने फाटकाशी उभं राहूनच सांगितलं, मातीला हातसुद्धा लावला नाही. त्यानंतर ज्या माळीमामांना बोलावलं, त्यांनी सगळा वेळ नुसता तपासण्यात घालवला आणि उठताना म्हणाले, "ताई, गवत चांगलंय तुमचं. खालची जमीन आजारी हाय." त्यांचं काम मला फार आवडलं. ज्यांच्या दारात लॉन आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर सैफुलच्या पुढे. लॉन घर बांधलं तेव्हाचंच, 'सिलेक्शन नंबर वन' जातीचं, म्हणजे आपल्या हरळीतूनच निवडलेलं. सासूबाई रोज सकाळी त्यावर अनवाणी चालतात आणि चतुर्थीच्या दूर्वा तिथूनच खुडतात. म्हणून तणनाशक मारायचं नाही, ही अट मी फोनवरच घातली होती. मामांनी कुरकुर केली नाही. फक्त म्हणाले, मग लव्हाळा नावाच्या तणाला वेळ लागेल.

तपासणीचे ते चारशे रुपये घेतात आणि पुढे काम दिलंत तर त्यातून वजा करतात. आदल्या संध्याकाळी लॉनला भरपूर पाणी द्या, एवढंच सांगून ठेवलं होतं. पिशवीत एक लांब स्क्रूड्रायव्हर, खुरपं, भिंग, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणि एका मापाच्या स्टीलच्या वाट्या. स्क्रूड्रायव्हर त्यांनी जागोजागी खुपसून पाहिला. कुंपणाच्या कडेला तो मुठीपर्यंत आत गेला. मधोमध, जिथे खुर्च्या पडतात आणि पाहुण्यांच्या गाड्या वळतात, तिथे दोन इंचांवर अडला. भिजलेल्या जमिनीत ही गत म्हणजे माती दाबून घट्ट झालेली.

मग खुरप्याने त्यांनी वीतभर खोल एक त्रिकोणी तुकडा कापला आणि अंगणात वर्तमानपत्रावर ठेवला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, माल तपासायचं काम माझ्याकडे असतं. वरून पाइल, म्हणजे वरचे फासे, भरदार आणि आतली वीण कच्ची, असा टॉवेल हातात यावा तसा तो तुकडा होता. वर हिरवं गवत. त्याखाली बोटाच्या पेराएवढा तपकिरी थर, नुसत्या मेलेल्या देठामुळ्यांचा. त्याखाली दोन इंच तांबडी माती, मग सुरीने आखावी अशी सरळ रेघ आणि रेघेखाली काळी माती, तिच्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं. मुळ्या तांबड्या मातीतून खाली आल्या होत्या आणि रेघेवर आडव्या वळल्या होत्या. काळ्या मातीत एकही उतरलेली नव्हती.

बांधकामाचा राडारोडा तसाच ठेवून त्यावर तांबडी माती पसरायची आणि लॉन लावून मोकळं व्हायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. वेगळ्या पोताच्या दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडतं. पावसाळ्यात मुळ्या पाण्यात बसतात आणि एप्रिल-मेमध्ये, पारा बेचाळीसच्या वर गेला की, दोन इंचांतलं पाणी दुपारपर्यंत संपतं. पस्तीस हजारांची नवीन शीटसुद्धा याच रेघेवर येऊन अडली असती, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

पिवळेपणाचं कारण मात्र वेगळं निघालं. मामांनी भिंग माझ्या हातात दिलं. कोवळ्या पात्यांच्या शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी होतात. इथे कोवळी झालेली, म्हणजे लोह कमी. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. मामांनी एका कोपऱ्यात चटईएवढ्या जागेवर फेरस सल्फेट फवारलं, लिटरला पाच ग्रॅम, चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून, आणि सांगितलं, "चार दिवस बघा. हिरवं झालं तर माझं बरोबर." तेवढाच चौकोन गडद हिरवा झाला. औषध सगळीकडे मारायच्या आधी असं थोड्या जागेवर करून दाखवणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. पिवळ्या पट्ट्यातलं गवत मुठीत धरून ओढलं. गालिचा उचलल्यासारखं निघून आलं असतं तर हुमणी अळीने मुळ्या खाल्ल्या, असं समजायचं. तसं निघालं नाही. तरी फाटकाजवळच्या कडुलिंबावर लक्ष ठेवा म्हणाले, कारण पहिल्या वळवानंतर संध्याकाळी हुमणीचे भुंगे कडुलिंब-बाभळीवरच जमतात. पात्यांची टोकं पांढरी, चिरफळलेली होती, कारण आधीचा माळी बोथट पात्याचं मशीन फिरवायचा आणि तेही अगदी मातीलगत. फवाऱ्याखाली वाट्या मांडून अर्धा तास पाणी सोडलं, तर जवळच्या वाटीत लांबच्या वाटीच्या तिप्पट पाणी.

माती परीक्षणाचा त्यांनी आग्रह धरला. पाच जागांची सहा इंचांपर्यंतची माती एकत्र करून, त्यातली अर्धा किलो कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत द्यायला लावली. सामू (पीएच) आला ८.३, चुनखडी जास्त, क्षार मर्यादेत. सामूचा आकडा बघून ते म्हणाले, जिप्सम नको. जिप्सम चोपण जमिनीला, जिथे सोडियम जास्त असतं तिथे. दुकानात मात्र ते सरसकट गळ्यात मारतात.

आम्ही बोलावलं फेब्रुवारीत आणि काम केलं त्यांनी जूनच्या उत्तरार्धात. मध्ये मला घाई झाली होती, पण ते हलले नाहीत. हरळी उन्हाळी-पावसाळी गवत, थंडीत ती थांबते आणि कडक उन्हात तिला जखम सोसत नाही. पाऊस सुरू झाल्यावर तिला टोचलं, खरवडलं तरी ती भरून येते. त्यांचं हे म्हणणं मला पटलं.

काम असं झालं. आधी लोखंडी दाताळ्याने मेलेला थर खरवडून काढला, पोती भरली. मग पोकळ नळ्यांचं एक अवजार, मामांनी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेलं. त्यावर पाय देऊन दाबलं की जमिनीतून बोटभर मातीची कांडी बाहेर येते. अर्ध्या फुटावर एक, असं अख्खं लॉन. नळ्या त्या रेघेच्या खाली काळ्या मातीत जातील, एवढ्या खोल दाबायच्या, हे ते पोरांना सारखं बजावत होते. भोकांत जाड धुतलेली वाळू आणि चाळलेलं गांडूळ खत खराट्याने लोटलं. कच्चं शेणखत वापरायला त्यांनी साफ नकार दिला, त्यातून तणाचं बी आणि हुमणी दोन्ही येतात. शेवटी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट, आठशे फुटांना दीड किलो, आणि लगेच पाणी. आपली जमीन आधीच विम्लधर्मी (अल्कलाइन) असल्याने हे आम्लधर्मी खत बरं.

कडुलिंबाच्या सावलीतला पट्टा त्यांनी सोडायला लावला. हरळीला दिवसाचं सहा तास तरी ऊन लागतं, तिथे दोनही मिळत नाही. तिथे आम्ही शहाबादी फरशी बसवून घेतली आणि सासूबाईंची खुर्ची तिथे गेली.

पाण्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक सोलापूरकराने ऐकावं असं आहे. कमी पावसाचं आपलं गाव, नळाला रोज पाणी नाही. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. आमचं लॉन चौऱ्याहत्तर चौरस मीटर. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी एकदा वीस मिलिमीटर, म्हणजे दीड हजार लिटर, बोअरचं, पहाटे आणि दोन हप्त्यांत. काळी माती एकदम पाणी पीत नाही, मध्ये तासभर थांबायचं. बोअर आटलं तर मे महिन्यात लॉन तपकिरी होऊ द्या, हरळी मरत नाही, पावसाबरोबर परत फुटते. पिण्याचं पाणी गवताला घालू नका, आणि आरओतून वाया जाणारं पाणीही नको, त्यात क्षार एकवटलेले असतात. कापणीच्या बाबतीत, एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काढायचा आणि उन्हाळ्यात दीड-दोन इंच राखायचं.

आता न आवडलेलं. फेरस सल्फेट फवारताना त्यांच्या पोराने फरशीवर काही झाकलं नाही. गंजाचे डाग पडलेत, लिंबू चोळलं, निघत नाहीत. फवारणीआधी पोर्च, टाइल्स, गाडी सगळं तुम्ही स्वतः झाकून घ्या. मामा काही लिहून देत नाहीत, पावतीही नाही. मी वही घेऊन बसले म्हणून एवढं लक्षात आहे. दिलेली वेळ दोनदा बदलली. लव्हाळा अर्धाच गेलाय. ओल्या मातीत गाठीसकट उपटायचा, हा त्यांचा उपाय बरोबर आहे, पण गाठी खोल असतात आणि एक राहिली तरी परत फुटतो. दूर्वांची अट नसती तर हॅलोसल्फ्युरॉन या तणनाशकाचा पर्याय त्यांनी सांगितला होता, त्याने हरळी जगते आणि लव्हाळा मरतो.

सगळ्याचे मिळून साडेपाच हजार झाले, वाळू-खत धरून. गौरी-गणपतीच्या सुमारास मधला भाग दाट भरून आला होता. परवा त्याच जागी मी स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, चार इंच गेला. खुरप्याने छोटा तुकडा काढला तर काळ्या मातीत, वाळू भरलेल्या भोकांतून, पांढऱ्या मुळ्या उतरलेल्या दिसल्या. मेलेला थर थोडा अजून आहे आणि फाटकाजवळची हात-दीड हात जागा अजून विरळ आहे. पुढच्या जूनमध्ये परत टोचून घ्यावं लागेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

त्यांचा नंबर इथे देत नाही, त्यांनी नको म्हटलंय. विजापूर रोडवरच्या नर्सऱ्यांमध्ये "लॉन तपासणारे मामा" म्हणून विचारा, सांगतात. तपासणी हिवाळ्यात किंवा फेब्रुवारीत करून घ्या, म्हणजे मातीचा रिपोर्ट हातात येतो. जूनमध्ये त्यांच्याकडे गर्दी असते, आधी सांगून ठेवलेल्यांचंच काम होतं.