वॉशर-ड्रायर कॉम्बो की वेगळा ड्रायर? कोकणातल्या पावसात दोन्ही वापरून झालेलं मत

थेट सांगते. घरात चार-पाच माणसं असतील, पोरं शाळेत जाणारी असतील आणि तुम्ही मुंबई-ठाणे, कोकण, गोवा असल्या दमट पट्ट्यात राहत असाल तर वेगळा ड्रायर घ्या. घरात दोघंच असाल, जागा लहान असेल तर कॉम्बो, म्हणजे धुणं-वाळवणं दोन्ही करणारं एकच मशीन, घ्या आणि खुशाल वापरा. मी दोन्ही वापरलेत. ठाण्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकांचा कॉम्बो होता, तोच वापरत होतो, आणि नंतर रत्नागिरीला आल्यावर आमच्या जुन्या फ्रंट लोड मशीनवर वेगळा हीट पंप ड्रायर (हा प्रकार काय ते पुढे सांगते) बसवला. कंपनी कुठली ते सांगत नाही कारण हे एका मॉडेलबद्दल नाहीये, दोन पद्धतींबद्दल आहे, आणि दुकानात गेलं की सेल्समन मॉडेलचंच बोलत बसतो, पद्धतीचं कोणी बोलत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. सेमी ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या टबला आपण ड्रायर म्हणतो, फुल ऑटोमॅटिकच्या शेवटच्या गरगर फिरण्यालाही ड्रायर म्हणतो, तो फक्त पाणी पिळून काढतो. इथे मी गरम हवेने कपडे पूर्ण वाळवणाऱ्या मशीनबद्दल बोलतेय, म्हणजे बाहेर काढले की घडी घालून कपाटात.

आता याची गरज का, हे कोकणात पावसाळा काढलेल्याला सांगायला नको. जुलैमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, हवाच इतकी ओली असते की वलणीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही गार लागतो आणि मग त्याला तो कुबट वास येतो जो परत धुतल्याशिवाय जात नाही, परत धुतला की परत वाळवायचं आलंच. घरभर दोऱ्या, पंखा फुल, दाराच्या हँडलवर मोजे, खुर्चीच्या पाठीवर युनिफॉर्म. सासूबाई सांगतात त्यांच्या वेळी शेगडीत निखारे घालून वर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर बाळाची दुपटी पसरायची, खालून धूप घालायचा, म्हणजे वाळवणंही व्हायचं आणि वासही जायचा. फ्लॅटमध्ये शेगडी कुठून आणणार!

तर कॉम्बो. कॉम्बोच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं 8 किलो, आणि बारीक अक्षरात असतं 8 किलो धुणं, 5 किलो वाळवणं. सगळी गोम इथे आहे. ड्रम तोच असतो, पण वाळवताना कपड्यांना आत उडायला-पडायला मोकळी जागा लागते, गरम हवा प्रत्येक कपड्यातून जायला लागते, म्हणून वाळवायची क्षमता कायम कमी असते. म्हणजे तुम्ही 8 किलो धुतलं तर मध्येच दार उघडून तीन किलो ओले कपडे बाहेर काढायचे, बाकीचे वाळवायचे, मग ते काढून उरलेले आत टाकायचे. एका झटक्यात धुऊन-वाळवून हवं असेल तर सुरुवातीलाच 5 किलोच टाकायचे. आता 5 किलो म्हणजे किती? एक डबल बेडशीट उश्यांच्या अभ्र्यांसकट, तीन जाड टॉवेल, दोन जीन्स, झाले की चार किलोच्या वर, त्यात दोन-तीन शर्ट टाकले की संपलं. पाच माणसांच्या घरात हे एका दिवसाचंही धुणं नाही.

आणि वेळ. कॉम्बोला धुवायला सव्वा-दीड तास, मग वाळवायला तीन तास, जाड कपडे असले तर जास्तच. एक फेरी साडेचार-पाच तासांची. तोवर दुसरं काही धुता येत नाही कारण मशीन अडकलेलं असतं. वेगळ्या दोन मशीनमध्ये पहिली फेरी ड्रायरमध्ये गेली की खाली दुसरी धुवायला लावता येते. रविवारी तीन फेऱ्या असतील तर कॉम्बोला सकाळी सुरू करून रात्री नऊ-दहापर्यंत बसावं लागतं, वेगळ्यात संध्याकाळच्या चहाच्या आसपास सगळं आटोपतं, आणि प्रत्येक फेरी पूर्ण भरून धुता येते ते वेगळंच. मला सगळ्यात जास्त फरक इथेच वाटला, विजेच्या बिलापेक्षाही जास्त.

वाळवण्याची क्वालिटी पण वेगळी. कॉम्बोतून जीन्स काढली की पाय सुकलेले, पण कमरेचा पट्टा आणि खिशाच्या आतलं अस्तर ओलसरच. बेडशीट गोळा होऊन बसते आणि तिच्या पोटात दोन रुमाल अडकून ओलेचिंब निघतात. सुरकुत्याही खूप, कारण ड्रम छोटा पडतो. वेगळ्या ड्रायरचा ड्रम मोठा असतो, बहुतेक उलटसुलट दोन्ही बाजूंनी फिरतो, त्यामुळे गोळा कमी होतो. टॉवेल जे निघतात ना, ते फुललेले, मऊ. वलणीवर वाळलेला पावसाळी टॉवेल आणि हा, हातात धरून बघा.

अजून एक गोष्ट जी मला ठाण्याला सतत त्रास द्यायची, ती म्हणजे लव. कपड्यातून सुटणारे बारीक तंतू. वेगळ्या ड्रायरला दारापाशीच जाळी असते, दर फेरीनंतर ती बाहेर काढायची, तिच्यावर करड्या रंगाचा पातळ थर बसलेला असतो, बोटाने सरकवला की आख्खा एका तुकड्यात सुटून येतो, कचऱ्यात टाकला की काम झालं. बऱ्याच कॉम्बोंना अशी जाळीच नसते, लव पाण्याबरोबर वाहून जावी अशी अपेक्षा असते, पण सगळी कुठे जाते? दाराच्या रबरी घडीत ओली होऊन चिकटते, ड्रमला चिकटते, आणि पुढच्या धुण्यात काळी पँट टाकली की तिच्यावर पांढरे ठिपके. दर वेळी ओल्या फडक्याने रबर पुसायचं आणि अधूनमधून रिकामी फेरी मारायची. घेणाऱ्याने हे आधीच विचारावं, जाळी आहे का, कुठे आहे.

पाण्याचं पण बघा. बरेच कॉम्बो वाळवतानाही नळाचं पाणी वापरतात, कपड्यातून निघालेली वाफ गार पाण्याने थंड करून तिचं पाणी करायचं आणि ड्रेनमध्ये सोडायचं अशी ती रचना असते. काही नवीन मॉडेल हवेने थंड करतात, त्यांना पाणी लागत नाही, तेव्हा दुकानात हा प्रश्न विचारायचाच. कोकणात पावसाळ्यात लाईट गेली की सोसायटीचा पंप बंद, पंप बंद की टाकी रिकामी, आणि नळ कोरडा असला की असला कॉम्बो वाळवायचा थांबतो. शिवाय लाईट मध्येच गेली की फ्रंट लोडचं दार लॉक झालेलं, गरम ओले कपडे आत कोंडलेले. वेगळ्या ड्रायरमध्ये पाणी भरलेलं नसतं त्यामुळे दार कधीही उघडता येतं. याचा रोजच्या वापरात मोठा फायदा आहे, शर्ट थोडे ओलसर असतानाच मध्येच काढून घ्यायचे आणि लगेच इस्त्री मारायची, टॉवेल आतच फिरत ठेवायचे.

आता वेगळा म्हणजे कुठला, कारण त्यातही तीन प्रकार आहेत. व्हेंटेड सगळ्यात स्वस्त, आतल्या हीटरने हवा तापवतो आणि गरम दमट हवा पाईपने बाहेर फेकतो. गॅलरीत असेल आणि पाईप बाहेर काढता येत असेल तर उत्तम चालतो, बंद खोलीत ठेवलात तर सगळी वाफ भिंतीवर बसणार आणि महिन्याभरात बुरशी. कंडेन्सर वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो, पण वीज जवळपास तितकीच खातो आणि खोली तापवतो. हीट पंप म्हणजे फ्रिज-एसीसारखा कॉम्प्रेसर असलेला, तीच हवा आत फिरवत राहतो, एकदा तापवलेली उष्णता वाया घालवत नाही. महाग आहे. वेळही व्हेंटेडपेक्षा थोडा जास्त लागतो, पण तापमान कमी असल्याने कपडे कमी आटतात आणि वीज निम्म्याच्या आसपास.

विजेचा हिशोब सोपा आहे. 2000 वॅटचा हीटर दीड तास चालला तर 3 युनिट. रोज एक फेरी म्हणजे महिन्याला 90. हीट पंपला तेच काम दीड ते दोन युनिटमध्ये. आता महावितरणच्या बिलात 100, 300, 500 असे टप्पे आहेत, पुढच्या टप्प्यात युनिटचा दर चढतो, तेव्हा ज्यांचं बिल आत्ताच अडीचशे युनिटच्या आसपास असेल ते हीटरवाल्या ड्रायरने 300 च्या वर जाणार, आणि वरचे युनिट चढ्या दराने लागणार. कॉम्बोसुद्धा हीटरवालाच असतो, आपल्याकडे मिळणारे तरी बहुतेक. म्हणून वर्षातले चारच महिने वापरणार असाल तर व्हेंटेड पुरेल, जास्तीचे पैसे घालू नका. आमच्याकडे सासूबाईंना पांघरुणं, दुपटी कायम गरम-कोरडी लागतात, वर्षभर वापर आहे, म्हणून आम्ही हीट पंपला पैसे घातले आणि मला ते पटलेलं आहे.

वीज वाचवायची खरी युक्ती तर वॉशिंग मशीनमध्येच आहे, शेवटचं पिळणं 1200 किंवा 1400 आरपीएमवर (ड्रमचे मिनिटाला तितके फेरे) ठेवायचं. जेवढं पाणी तिथे निघेल तेवढं ड्रायरला कमी काम. पाणी पिळून काढायला फार कमी वीज लागते, तापवून उडवायला भरपूर.

जागेबद्दल सगळे घाबरतात, पण फ्रंट लोड असेल तर ड्रायर त्याच्यावरच बसतो. साधारण 60 सेंटिमीटर रुंदी, उंची 85 आणि 85 म्हणजे 170, मध्ये स्टॅकिंग किट, म्हणजे दोन्ही मशीन एकमेकांवर घट्ट धरून ठेवणारी जोडणी. किट मशीनला मॅच होणारं घ्यायचं, नुसता ड्रायर वर ठेवून द्यायचा नाही, कपडे पिळताना खालचं मशीन चांगलंच थरथरतं. ड्रायर कायम वर, मशीन खाली. ड्राय बाल्कनीत आमचं बरोबर बसलं. एकच अडचण, बटणं पाच फुटांच्या वर जातात, सासूबाईंचा हात पोचत नाही, आणि हीट पंपची पाण्याची टाकी बऱ्याचदा वरच्या कोपऱ्यात असते, भरलेली टाकी डोक्याच्या उंचीवरून काढायची म्हणजे पाणी अंगावर. म्हणून इन्स्टॉलेशनच्या वेळीच पाईप थेट ड्रेनला जोडून घ्या, बऱ्याच मॉडेलमध्ये ती सोय असते, मागितल्याशिवाय कोणी जोडून देत नाही. टॉप लोड असेल तर वर ठेवता येत नाही, झाकण उघडणार कुठे, मग हलका व्हेंटेड ड्रायर भिंतीवर ब्रॅकेटने लावायचा, भिंत मात्र पक्की हवी.

कॉम्बो कोणाला योग्य? माझी धाकटी बहीण पुण्यात राहते, दोघंच, दोघंही नोकरीवाले. ती रात्री झोपताना पाच किलोच्या आत कपडे टाकते, सकाळी कोरडे काढते, मध्ये हात लावत नाही. पुण्यात आमच्यासारखा पाऊसही नाही, बाकी कपडे गॅलरीत वाळतात. तिच्या घरात दुसऱ्या मशीनला जागाच नाही आणि दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात, एकच मशीन हलवायचं. ती खूश आहे आणि तिचं बरोबरच आहे. पण ज्यांच्याकडे चांगलं चालणारं फ्रंट लोड आधीच आहे त्यांनी ते विकून कॉम्बो घेणं मला अजिबात पटत नाही. वर ड्रायर घ्या फक्त. आणि कॉम्बो बिघडला की धुणं-वाळवणं दोन्ही ठप्प, लहान शहरात टेक्निशियन दोन जिल्हे ओलांडून येतो, पार्ट यायला अजून आठवडा, भर पावसात हातांनी चादरी धुवायची वेळ येते. वेगळे असतील तर एक तरी चालू राहतं.

कुठलाही ड्रायर घेतलात तरी काही कपडे आत टाकायचे नाहीत. पैठणी, सिल्क, लोकर, जरी, रबराचा किंवा फोमचा थर असलेलं काहीही. लेबलवर चौकोनात गोल असेल तर चालतं, त्यावर फुली असेल तर नाही. आणि हे नीट वाचा, तेल लागलेले कपडे टाकू नका. बाळाच्या मालिशची दुपटी, स्वयंपाकघरातली तेलकट फडकी, धुतल्यावरही त्यात तेल राहतं आणि गरम ढिगाऱ्यात ते आपोआप पेट घेऊ शकतं, मॅन्युअलमध्ये ही वॉर्निंग असते पण कोण वाचतं. ती वलणीवरच. ड्रायर संपल्यावर कपडे तसेच गोळा करून आत ठेवायचे नाहीत, काढून लगेच पसरायचे-घड्या घालायच्या.

घ्यायचाच असेल तर मे महिन्यात घ्या. 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग लागतं, मशीन आणि ड्रायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावायचे नाहीत, म्हणजे इलेक्ट्रिशियनला आधी बोलवायचं, बाल्कनीत पावसाची झड येत असेल तर तिथे शीट मारून घ्यायची, समुद्राजवळ असाल तर खाऱ्या हवेसाठी कव्हर. हीट पंप आणताना आडवा आणला असेल तर फ्रिजसारखाच काही तास उभा ठेवून मग चालू करायचा, किती तास ते मॅन्युअलमध्ये असतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सगळं गाव एकदम दुकानात जातं आणि डिलिव्हरी झाली तरी बसवायला माणूस मिळत नाही.